क्लायंटला जेवायला कुठे न्यायचं?

डिसेंबर महिना होता. अहमदाबादहून आमच्या कंपनीकडे एक क्लायंट आले होते. वय साठीच्या आसपास, स्वतःचा कारखाना, बोलणं मोजकं. मी तेव्हा नुकताच टीम लीड झालो होतो आणि रात्रीच्या जेवणाची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर आली होती. मी तीन दिवस खपून हॉटेल शोधलं. फोटो पाहिले, लोकांनी दिलेले स्टार मोजले, पार्किंगची चौकशी केली, बजेट मंजूर करून घेतलं आणि विजयनगर भागातल्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये साडेआठचं टेबल बुक केलं.

सगळं वेळेवर झालं. मेनूकार्ड आलं. मी ते अदबीने पाहुण्यांपुढे सरकवलं. त्यांनी ते तसंच बंद करून माझ्याकडे परत दिलं आणि हसून म्हणाले, "आप लोग आराम से लीजिए, मेरा तो चौविहार है।"

चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. डिसेंबरात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे मी त्यांना जेवायला बोलावलं होतं ते त्यांची जेवणाची वेळ संपून पावणेतीन तास झाल्यावर! त्यांच्यापुढे पाण्याचा भरलेला ग्लास तसाच राहिला आणि आम्ही तिघं समोर बसून खाली मान घालून जेवलो. मागवलेले अर्धे पदार्थ रद्द केले. तासाभरात सगळे उठलो.

त्या रात्री जेवताजेवता एक महत्त्वाचं बोलणं व्हायचं होतं. जुन्या सॉफ्टवेअरमधला दहा-बारा वर्षांचा डेटा नव्या सिस्टीममध्ये कसा आणणार, तो हरवला तर काय, अशी त्यांची भीती होती आणि ती मीटिंगच्या खोलीत मोकळेपणी बाहेर येत नव्हती. जेवणाच्या टेबलावर ती येईल असं आमच्या सरांना वाटत होतं. ते बोलणं झालंच नाही. पुढे काम दुसऱ्या कंपनीला गेलं. ते जेवणामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, दराचाही प्रश्न होता. पण मनमोकळं बोलायची एक संध्याकाळ आमच्या हातात होती आणि ती मी घालवली, एवढं मात्र खरं.

त्यानंतर हे काम माझ्याकडे अनेकदा आलं. आता मित्रही फोन करून विचारतात. आपल्या समाजातली माझ्या पिढीची बरीच मुलं-मुली इथल्याच कंपन्यांमध्ये आता अशा जागेवर पोहोचली आहेत, जिथे कधीतरी सर किंवा मॅडम म्हणतात, "संध्याकाळचं जेवण तू बघ." इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवत नाही. म्हणून जे चुकत चुकत शिकलो ते इथे मांडतो.

आधी माणूस, मग हॉटेल

माझी आजी रामबागेतल्या घरी राहायची. पाहुणे येणार असं कळलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "त्यांना काय चालतं?" कांदा-लसूण चालतो का, उपवासाचा वार कोणता, तिखट सोसतं का, मधुमेह आहे का. ही उत्तरं मिळाल्याशिवाय ती भाजी आणायला पिशवी हातात घेत नसे. मी मात्र उलट केलं. आधी जागा ठरवली आणि माणसाची चौकशी केलीच नाही.

विचारायला संकोच वाटतो, हे मला मान्य आहे. आपल्याला वाटतं, इतक्या मोठ्या माणसाला हे काय विचारायचं. खरं तर विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. न विचारता गैरसोय केली की ती लक्षात राहते. शक्य असेल तर पाहुण्यांच्या सेक्रेटरीला किंवा त्यांच्या ऑफिसमधल्या ओळखीच्या माणसाला विचारावं. तसं कुणी नसेल तर सरळ पाहुण्यांनाच दोन ओळींचा मेसेज करावा: "उद्या जेवण सोबत घ्यावं अशी इच्छा आहे. आपण साधारण किती वाजता जेवता आणि काही पथ्य किंवा नियम आहे का, ते कळवाल का?" एवढं पुरतं. "व्हेज की नॉनव्हेज?" एवढ्यावर थांबू नये. माझे पाहुणे व्हेजच होते, आणि मी रेस्टॉरंटही व्हेजच निवडलं होतं!

इंदूरमध्ये तर हे जास्तच सांभाळावं लागतं. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं काचमंदिर ज्या शहरात आहे तिथे जैन पद्धतीचं जेवण ही नवलाई नाही. बहुतेक चांगल्या रेस्टॉरंटांमध्ये जैन पदार्थ मिळतात. पण कांदा, लसूण, बटाटा वगळला की झालं, असं नाही. चातुर्मासात पालेभाज्या न खाणारे आहेत, पर्युषणात नियम अधिक कडक करणारे आहेत. आपल्याकडे श्रावण आहे, दोन्ही नवरात्रं आहेत, कुणाचा मंगळवार, कुणाचा गुरुवार. तारीख ठरवताना कॅलेंडरवर सुट्टीबरोबर तिथीही पाहावी.

अ‍ॅलर्जी हा वेगळा विषय. हॉटेलांतल्या पांढऱ्या आणि लालसर ग्रेव्हीत काजूची पेस्ट फार वेळा असते, पण ती मेनूकार्डावर लिहिलेली असतेच असं नाही. परदेशी पाहुण्याने सुकामेवा चालत नाही असं सांगितलं, तर वेटरवर अवलंबून न राहता आदल्या दिवशी शेफशी बोलावं.

घड्याळ कुणाचं?

आपण इंदुरी लोक रात्री नऊला जेवायला बसतो आणि त्यानंतर सराफ्यात जातो. पाहुण्यांचं घड्याळ तसं नसतं. अमेरिका किंवा इंग्लंडमधून आलेल्या अनेकांना साडेसहा-सात ही जेवणाची वेळ वाटते. त्यातून प्रवासाने झोपेचं गणित बिघडलेलं असतं. नऊच्या जेवणाला ते सौजन्याने येतात, पण दहा वाजता डोळे मिटायला लागतात.

सूर्यास्ताआधी जेवणारे पाहुणे असतील तर जेवण चार-सव्वाचारलाच ठेवावं आणि मीटिंग त्याआधी संपवावी. जूनमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, तेव्हा तेवढी घाई नसते. अडचण अशी की बरीच रेस्टॉरंटं दुपारचं जेवण संपवून संध्याकाळी सातपर्यंत किचन बंद ठेवतात. त्या वेळी मोठ्या हॉटेलांतली दिवसभर चालू असणारी रेस्टॉरंटं उपयोगी पडतात. नाहीतर सरळ दुपारचं जेवण ठेवावं. 'बिझनेस डिनर' रात्रीच झालं पाहिजे असा काही कायदा नाही.

अंतर आणि जागा

शहर आता चहूकडे पसरलंय. टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं सुपर कॉरिडॉरवर, विमानतळही त्याच बाजूला. सयाजी आणि मॅरियट ही दोन्ही हॉटेलं विजयनगरात मेघदूत उद्यानासमोर शेजारी शेजारी. रॅडिसन ब्लू रिंगरोडवर, शेरेटन ग्रँड पॅलेस बायपासला, आणि श्रीमाया जुन्या शहराजवळ आरएनटी मार्गावर. पाहुणे ज्या हॉटेलात उतरलेत तिथून जेवणाची जागा दहा-पंधरा मिनिटांच्या पलीकडे असू नये, असा माझा साधा नियम आहे. सकाळी विमानाने आलेला, दिवसभर मीटिंगमध्ये बसलेला माणूस रात्री पुन्हा पाऊण तास गाडीत बसला की त्याची बोलायची उमेद संपलेली असते.

पाहुणे ज्या हॉटेलात उतरलेत तिथेच जेवण ठेवणं पुष्कळांना कमीपणाचं वाटतं. मला आता तसं वाटत नाही. थकलेला माणूस जेवून लिफ्टने वर जाऊ शकतो, ही फार मोठी सोय आहे. दोन दिवसांचा मुक्काम असेल तर पहिल्या रात्री हॉटेलातच आणि दुसऱ्या रात्री बाहेर, ही वाटणी चांगली जमते.

आवाज

लालबाग राजवाडा आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय. त्याचं स्वयंपाकघर महालात नव्हतं. ते कान्ह नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि तिथून भुयारी वाटेने जेवण महालात यायचं. होळकरांच्या मनात काय कारण होतं मला माहीत नाही, पण त्या जेवणघरात भांड्यांचा आवाज पोहोचत नसणार, हे नक्की.

आजच्या महागड्या रेस्टॉरंटांचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे. उंच छत, काचेच्या भिंती, खाली फरशी, वर स्पीकर. दिसायला सुंदर, पण आवाज शोषून घेणारं काही नाही. त्यात एखादा वाढदिवस निघाला की झालंच. साधं बोलणं साधारण साठ डेसिबलच्या आसपास असतं. खोलीतला गोंगाट त्याच्यावर गेला की माणसं ओरडून बोलतात, आणि ओरडून कुणी आपली काळजी सांगत नाही. पैशाचं तर मुळीच बोलत नाही.

म्हणून जागा ठरवण्याआधी मी तिथे एकदा जाऊन येतो. ज्या वारी, ज्या वेळी जेवण आहे, त्याच वारी त्याच वेळी. मंगळवारी दुपारी शांत असलेली जागा शनिवारी रात्री ओळखू येत नाही. आम्ही कोड तपासल्याशिवाय ग्राहकाला देत नाही, मग टेबल का द्यायचं? कॉफी घेऊन पंधरा मिनिटं बसावं, फोनवरच्या अ‍ॅपने आवाज मोजता येतो तो मोजावा, आणि टेबल निवडावं. पाहुण्यांची पाठ भिंतीकडे असावी, तोंड टीव्हीकडे किंवा किचनच्या दाराकडे नसावं. चार माणसांना गोल टेबल मिळालं तर उत्तम, कुणी कोपऱ्यात पडत नाही.

थाळीत काय?

मेनू लांबलचक असला की आपल्याला तो भारी वाटतो. पाहुण्यांना मात्र चाळीस पानं चाळायचा कंटाळा येतो. आधी पथ्यं माहीत असतील तर चार-पाच पदार्थ आधीच सांगून ठेवावेत आणि टेबलावर फक्त "यात काही बदलायचं का?" एवढं विचारावं.

टेबलावरच शेगडी आणि एकामागून एक येणाऱ्या शिगा हा प्रकार आपल्या इंदूरशी जोडलेला आहे. बार्बेक्यू नेशन ही साखळी सयाजी हॉटेलवाल्यांनीच काढली, २००६ मध्ये. टीमच्या पार्टीला असं जेवण झकास. गंभीर बोलायचं असेल तेव्हा मात्र दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन काहीतरी वाढत असतं आणि वाक्य अर्धं राहतं. बुफेचंही तेच. कुणी ना कुणी सतत उठलेलं असतं.

पाहुण्यांना माळव्याची चव द्यावी असं वाटतं, ते योग्यच आहे. थंडीत गराडू, एरवी भुट्ट्याचा कीस हे स्टार्टर म्हणून सुंदर. पण दाल-बाफले जपून! आधी पाण्यात उकळलेला, मग भाजलेला आणि शेवटी तुपात बुडवलेला बाफला खाल्ल्यावर आपल्याला काय होतं हे आपण जाणतो. रविवारी दुपारी ते सुख आहे. कराराची कलमं वाचायच्या आधी ते संकट आहे.

आणि आग्रह. आपल्या पंगतीत आग्रह हे प्रेम असतं. बिझनेसच्या जेवणात एकदा विचारावं, नाही म्हटलं की सोडून द्यावं. दारूच्या बाबतीत तर हा नियम काटेकोर पाळावा. विषय पाहुण्यांनी काढला तरच, तोही आपल्या कंपनीचा नियम पाहून. महाकालाचं दर्शन करून उज्जैनलाच जेवू असा बेत असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून तिथे दारूबंदी आहे हे आधीच माहीत असलेलं बरं.

बिल

खर्चाचा अंदाज देताना मी सुरुवातीला कर विसरायचो. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, त्यांच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये तो अठरा टक्के असतो. म्हणजे दहा हजारांचं जेवण एका ठिकाणी साडेदहा हजारांना पडतं, दुसऱ्या ठिकाणी अकरा हजार आठशेला. "कंपनीला जीएसटी परत मिळतो ना?" असं मीही विचारलं होतं. आमच्यासारख्या कंपनीला मिळत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये खाण्यापिण्याच्या खर्चावर ही सवलत बंद केलेली आहे, अपवाद अगदी थोडे.

सर्व्हिस चार्ज वेगळा. तो बिलात आपोआप जोडता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरलं. पण यावरून पाहुण्यांसमोर वाद घालू नये. बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. मी पाहुणे येण्याआधी पंधरा मिनिटं पोहोचतो, मॅनेजरकडे कार्ड देतो आणि बिल टेबलावर आणू नका असं सांगतो. बिल आलं की दोन माणसं खिशात हात घालतात आणि छान रंगलेली संध्याकाळ त्या ओढाताणीत संपते.

पाहुणे सरकारी अधिकारी असतील तर थाटच टाळावा. केंद्र सरकारच्या १९६४ च्या आचरण नियमांत साधं एखादं जेवण भेट मानलेलं नाही. पण ज्या कंपनीशी कामाचा संबंध आहे तिच्याकडून खर्चिक किंवा वारंवार पाहुणचार घेऊ नये असं तिथे म्हटलंय. त्यांना सर्वांत महाग हॉटेलात बोलावणं म्हणजे त्यांनाच अडचणीत टाकणं. बऱ्याच खासगी कंपन्यांतही अशी मर्यादा असते, तीही विचारून घ्यावी.

आणि मग सराफा

जेवण झाल्यावर पाहुण्यांना उत्साह असेल तर सराफ्याला जरूर न्यावं. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांपुढे खाण्याची बाजारपेठ उभी राहते, हे बाहेरच्या माणसाला खरंच वाटत नाही. मोठ्या हॉटेलांतल्या पाट्या सगळीकडे सारख्या, पण दहीवड्याची वाटी उंच उडवून झेलणारा माणूस फक्त आपल्याकडे. मात्र गर्दी, उभं राहणं आणि चालणं आहे. गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांना छप्पन दुकानची वाट सोपी.

जानेवारी २०२३ मध्ये इथे प्रवासी भारतीय संमेलन झालं, तेव्हा 'पधारो म्हारे घर' म्हणत इंदूरच्या काही कुटुंबांनी परदेशातून आलेल्या पाहुण्यांना आपल्या घरी उतरवलं होतं. त्या घरांत पंचतारांकित असं काही नव्हतं. पण सकाळी पोह्यांवर शेव किती घालू, चहात साखर किती, हे विचारणारं कुणीतरी होतं. महागडं रेस्टॉरंट निवडताना आपण हेच विचारणं पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवू पाहतो. ते सोपवता येत नाही.

अहमदाबादचे ते गृहस्थ दोन वर्षांनी पुन्हा इंदूरला आले, दुसऱ्याच कामासाठी. या वेळी मी आधी फोन केला. म्हटलं, सर, किती वाजता जेवण घ्याल आणि काय चालेल? पलीकडे क्षणभर शांतता. मग ते हसले आणि म्हणाले, "याद है आपको?" आम्ही चार वाजता जेवायला बसलो. साधी जैन थाळी, भोवतालची टेबलं रिकामी, बाहेर ऊन. ते शांतपणे जेवले, वरून गरम फुलका मागून घेतला. आणि जेवणानंतर उकळलेलं पाणी पिता पिता ते पहिल्यांदाच त्यांच्या जुन्या डेटाबद्दल बोलायला लागले. सूर्य मावळेपर्यंत बोलत होते.